एप्पत्तैदु की इप्पत्तैदु

दिपाली बेळगावच्या वडगावातल्या विणकर घरातली. तुटलेला धागा आधी बोटाला कळतो, डोळ्याला मागून, असं ती सांगते. लग्न होऊन मच्छेला आली तेव्हा घराच्या पुढच्या सोप्यात सासरे आण्णाप्पांचं बोअरिंग मशीन चालू होतं, गाड्यांच्या इंजिन-ब्लॉकमधले झिजलेले सिलिंडर आतून कापून साफ करायचं. सुरुवातीला ती तिथं चहा घेऊन जायची. मग कप ठेवून थांबायला लागली. हळूहळू मशीन शिकली.

यंदा आण्णाप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावून ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "ह्यो ब्लॉक तू एकटीनं कर. मी मधी बोलणार न्हाय."

ब्लॉक संकेश्वरच्या मल्लाप्पांच्या पिकअपचा. मिरची वाहणारी ती गाडी तेल पीत होती, धूर टाकत होती. दिपालीनं सिलिंडर मापले. झीज थोडीच होती, पंचवीसात साफ झाले असते. पंचवीस म्हणजे पाव मिलिमीटर. सिलिंडर तेवढा मोठा करायचा आणि पिस्टनही त्याच मापाचे घालायचे. त्यापुढची मापं पन्नास, पंचाहत्तर, शंभर. शंभरनंतर कापायला भिंतच उरत नाही.

तेवढ्यात पिस्टन घ्यायला निपाणीला गेलेल्या मल्लाप्पांचा फोन आला. शेजारी ग्राइंडर ओरडत होता. पिस्टनचं माप त्यांनी कन्नडमध्ये सांगितलं. तिनं ऐकलं इप्पत्तैदु, पंचवीस. तिच्या मनातही तेच होतं. पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक कापायचा नाही, हा आण्णाप्पांचा नियम. पण आकडा जुळला होता. तिनं मशीन चालू केलं.

दुपारी मल्लाप्पा खोकं घेऊन आले. त्यांनी एक पिस्टन सिलिंडरच्या तोंडावर धरला.

"आक्का, हे आत जाईना की."

दिपालीनं पिस्टनवरचा आकडा वाचला. पंचाहत्तर.

"तुम्ही इप्पत्तैदु म्हणालासा न्हवं?"

"एप्पत्तैदु म्हणालो. ए. ए."

खुर्चीतून आवाज आला, "पिस्टन बघितल्याबिगर कापलीस व्हय गं?"

"व्हय मामा."

आण्णाप्पा गप्प झाले. बोलणार नाही म्हटलं होतं, ते त्यांना आठवलं असावं.

"मग अजून काप की," मल्लाप्पा म्हणाले. "कमीच कापलंय. जास्त कापली असतीस तर मी इथंच बसून रडलो असतो."

सोपं होतं. पंचाहत्तरपर्यंत कापलं की चूक भुशात निघून जाणार, आणि गिऱ्हाईक खूश. दिपालीचा हात बटनावर गेला. मग तिनं तो काढला आणि मल्लाप्पांच्या हातात बॅटरी दिली.

"आत बघा. ओरखडा दिसतोय काय?"

ते वाकून बघत राहिले. "न्हाय. तोंड दिसतंय माझं."

"चूक माझी झाली. पण ब्लॉक पंचवीसातच साफ झालाय. पिस्टनचा सेट बदलून आणलासा तर ह्यो ब्लॉक पुढं अजून तीनदा कापता येईल. आत्ता पंचाहत्तर केला तर एकदाच."

"दुकानात हाच सेट शिल्लक होता, म्हणून घेतलो. सोमवारी मिरची भरायची हाय मला." मल्लाप्पा खुर्चीकडं वळले. "अण्णा, तुम्ही काय म्हणता?"

"मी काय बी म्हणत न्हाय. ब्लॉक तिचा हाय."

मल्लाप्पा हसले आणि त्यांनी दुकानात फोन लावला. "इप्पत्तैदु. इलीतला इ. इली, इली, उंदीर रं. पंचवीस." सेट बाहेरून मागवावा लागणार होता, सोमवारच्या आत येणार नव्हता. सोमवारच्या मिरचीसाठी त्यांनी मेव्हण्याची गाडी सांगितली, आणि फोनवर त्याचे टोमणेही ऐकून घेतले.

नवा सेट आला तेव्हा दिपालीनं आधी प्रत्येक पिस्टन मापला, मग त्या मापाला सिलिंडर होनिंग करून, म्हणजे आतून बारीक घासून घेतले. मिस्त्रीनं इंजिन जुळवलं आणि मल्लाप्पा पिकअप मुद्दाम दारात घेऊन आले. आण्णाप्पांनी आवाजाकडं कान केला.

"धूर हाय?"

"न्हाय मामा."

चहाचा रिकामा कप आज त्यांनी स्वतः उचलून आत नेला, भिंतीला हात लावत.

पुढच्या आठवड्यात खानापूरचा एक ट्रॅक्टरवाला दारात उभा राहिला. "अण्णा हायत काय?"

"हायत," दिपाली म्हणाली, "पण बोलत न्हाईत. पिस्टन आणलासा काय?"