'लॅच म्हण,' असं मी तिला सांगितलं

संगीता गेली. कॉलेजच्या ग्रुपवर सगळे लिहितायत, "फार हुशार होती."

हुशार होती, म्हणूनच मी तिचा काटा काढला.

नव्वदच्या दशकात आम्ही नगरला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होतो. ती सोनईहून रोज एसटीने यायची आणि दर वर्षी पहिली यायची. मी दुसरा.

तेव्हा आमच्या सरांमध्ये एका सर्किटच्या नावावरून दोन पार्ट्या होत्या. दोन नँड गेट एकमेकांना जोडून एक बिट धरून ठेवणारं साधं सर्किट.

अर्धे म्हणायचे, याला क्लॉक, म्हणजे ठरावीक ठोके देणारा सिग्नल नाही, म्हणून हा लॅच.
उरलेले म्हणायचे, जुन्या पुस्तकात फ्लिप-फ्लॉप छापलंय, गुमान तेच म्हणा.

ओरलला चुकीच्या माणसासमोर चुकीचं नाव घेतलं की पोरगं आडवं.

म्हणून आमचा एक रिवाज होता. बाहेरगावचा परीक्षक कुठल्या पार्टीचा आहे, ते ओरल देऊन आलेल्याने पुढच्याला सांगायचं.

फायनल इयरच्या ओरलला माझा नंबर तिच्या आधी होता. मी आत 'लॅच' म्हणालो आणि परीक्षक खवळला. मी लगेच शब्द फिरवला आणि सुटलो.

बाहेर ती उभी.
"काय म्हनायचं रे? मला पास व्हायलाच पायजे. वडील म्हनलेत, नापास झाली तर लगीन."

मी म्हणालो, "लॅच म्हण. बिनधास्त."

एमआयडीसीतली एक कंपनी आमच्या कॉलेजातून एकालाच घ्यायची, पहिल्या आलेल्याला. एवढंच कारण.

ती आत गेल्यावर मी बंद दाराला कान लावला.
"सर, पन त्याला क्लॉकच न्हाई..."
"मला शिकवतेस? वर्षभर भाकरी थापत होतीस का?"
मग जर्नल आपटल्याचा आवाज आला.

ती रडत बाहेर आली. आणि तशीच रडत पुढच्या पोराला म्हणाली, "लॅच म्हनू नको. फ्लिप-फ्लॉप म्हन."

तेव्हा मला लाज वाटायला हवी होती. मला हसू आवरत नव्हतं.

नोकरी मला लागली. तिचं दोन महिन्यांत लग्न झालं. नवऱ्याच्या टीव्ही रिपेअरिंगच्या दुकानात मागच्या खोलीत बसून बोर्ड तीच दुरुस्त करायची. पाटीवर नाव नवऱ्याचं.

भेटली की म्हणायची, "तुला चाललं, मला न्हाई चाललं. त्या मानसाचा मूडच फिरला आसंल. तू तर बरोबर सांगितलं हुतं."
मी म्हणायचो, "नशीब गं."

आज कंपनीत नव्या ट्रेनींना मीच शिकवतो. त्या सर्किटला लॅच म्हणा, असं दरडावून सांगतो.

काल तिच्या मुलाचा फोन आला. "काका, आईबद्दल चार शब्द लिहा ना. तिचा तुमच्यावर लई विश्वास हुता."

लिहिले बघ.

तुझी आई नापास झाली नव्हती. तिला मी पाडलं.

ती होती तोवर बोललो नाही, कारण ती जाब विचारेल अशी भीती होती. आता ती विचारू शकत नाही, म्हणून लिहितोय.

संगीता, शेवटचा नमस्कार.