सर्वांना हार्दिक आमंत्रण

महिन्यातून एकदा लेखकाला वाचनालयात बोलवायचं आणि गावातल्या लोकांशी त्याची गाठ घालून द्यायची, ही कल्पना माझी. त्यामुळे ती फसली तेव्हा खापरही माझ्याच डोक्यावर फुटलं. शाळेतून निवृत्त झाल्यावर मला स्वस्थ बसवेना, आणि मी दिवसभर समोर बसलेली घरच्यांना सोसवेना, म्हणून मी वाचनालयाच्या कमिटीत शिरले. वाचनालय आमच्या उरणच्या बाजूचं, बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. कंटेनरचा ट्रेलर गेला की खिडक्यांची तावदानं थरथरतात आणि बोलणारा माणूस आपोआप थांबतो. बाहेरच्या लेखकांना हे आधीच सांगून ठेवावं लागतं, नाहीतर त्यांना भूकंप झाल्यासारखं वाटतं.

दारातल्या फळ्यावर मी स्वतः लिहायचे. माझं अक्षर चांगलं आहे, हे मला सांगायला आवडतं. ‘लेखक आपल्या गावात. प्रवेश विनामूल्य. सर्वांना हार्दिक आमंत्रण.’ हाच मजकूर व्हॉट्सॲपवर सगळ्या ग्रुपांत फिरायचा. पहिल्या कार्यक्रमाला पुण्याहून एक कादंबरीकार आले. ऐकायला कमिटीतली मंडळी, त्यांच्या बायका, आणि पेपर वाचायला आलेले एक गृहस्थ, ज्यांना मी दारातून परत फिरवून बसवलं होतं. दुसऱ्या कार्यक्रमाला ते गृहस्थही आले नाहीत.

भाजीवालीला मी विचारलं, बाई, तू का येत नाहीस? तर तिनेच मला विचारलं की तिथे विकणार काय आहेत, पाण्याचं मशीन की प्लॉट. तिचंही चुकत नव्हतं. आमच्याकडे हॉलमध्ये फुकट बसवून चहा पाजला की पाठोपाठ काहीतरी गळ्यात मारतातच.

आमच्या अध्यक्षांनी निकाल देऊन टाकला की आपल्या भागातल्या लोकांना वाचनाची आवडच नाही. हे वाक्य ऐकलं की माझं डोकं तापतं. आयुष्यभर या गावांतली मुलं मी शिकवली, आवड नाही कशी? पण ते रिकाम्या खुर्च्यांकडे बोट दाखवून बोलत होते. शेवटी ‘आता कोणाला काही विचारायचं असेल तर’ असं म्हटल्यावर जी शांतता पसरायची, ती तर मला फार जीवघेणी वाटायची. मग मीच उठून विचारायचे, तुम्हाला हे सगळं सुचतं कसं? लेखकही दमून तेच ते उत्तर द्यायचे.

अशात मला एक पुस्तक मिळालं. लिहिणारी आमच्याच पलीकडच्या खाडीकाठच्या गावातली, मिठागरावर राबणाऱ्या घरातली मुलगी. मुलगी म्हणजे आता चाळिशी ओलांडलेली, पनवेलला बँकेत नोकरी करणारी बाई. पुस्तकभर तिचे वडील होते. भर उन्हात मिठाच्या वाफ्यांत उभे राहणारे, तळपायांना भेगा पडलेले, एका हंगामात तिला शाळेतून काढून आगरावर नेणारे आणि पुढच्या वर्षी स्वतः हाताला धरून पुन्हा शाळेत पोचवणारे. आणि त्यांची बोली जशीच्या तशी. मी बैठक न मोडता वाचून काढलं आणि तिला फोन लावला.

ती लगेच हो म्हणाली, नंतर भेटायला आली. चहा पिताना मी सहज म्हटलं, तुमचे बाबा पहिल्या रांगेत बसतील, मजा येईल. तिने कप खाली ठेवला. बाबा येणार नाहीत, म्हणाली. पुस्तक आल्यापासून त्यांचं काहीतरी बिनसलंय. भांडण नाही, शब्द नाही. पण पूर्वी चैत्रातल्या जत्रेच्या आधी ते स्वतः तिच्या घरी यायचे, दारात उभं राहून जत्रेला बोलवायचे, आणि मगच ती मुलाबाळांना घेऊन माहेरी जायची. पुस्तक आलं, त्याच सुमाराला तिने मोठ्या इमारतीत घर घेतलं. त्या घराची पायरी बाबा अजून चढलेले नाहीत. जत्रा आली नि गेली. वहिनीचा फोन येतो, ‘या ना’ म्हणून.

“फोनवर बोलावल्यावर कशी जाऊ?” ती म्हणाली. “बाबांनी दारात येऊन सांगितलं नाही, म्हणजे त्यांना मी नकोय.”

मी तिची समजूत घातली. या कार्यक्रमाला बाबा आले की सगळं सुरळीत होईल, तुम्ही त्यांना बोलवा तर खरं, असं म्हटलं. तिने त्यांना फोन केला. ते ‘बघू’ म्हणाले. आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे नाही.

कार्यक्रमाला आठवडा राहिला आणि तिने मला कळवलं की बाबा येत नाहीत, त्यांच्याशिवाय त्या गावाजवळ उभं राहून त्यांच्यावरचं पुस्तक वाचायचं तिला जिवावर आलंय. कार्यक्रम रद्द केला तर चालेल का? मला तिची दया आली आणि म्हाताऱ्याचा संताप आला. एवढी गुणी लेक, अख्खं पुस्तक तुमच्या नावाने लिहिते, आणि तुमचा रुसवाच संपत नाही? मी रिक्षा केली आणि तडक त्यांच्या गावी गेले. जाताना वाटेत पोटभर भांडणाची तयारी केली होती.

पूर्वी जिथे मिठाच्या राशी पांढऱ्या दिसायच्या तिथे आता कंटेनर रचलेले दिसतात. त्यांचं आगरही त्यांतच गेलंय. घर मात्र जुन्याच आळीत, नवं बांधलेलं, लाद्या बसवलेलं. ते ओट्यावर बसले होते. मी पायरीखालूनच सुरुवात केली. काका, सगळीकडे ती तुमचं नाव घेते आणि तुम्ही हाकेच्या अंतरावर येत नाही, हा कसला राग, वगैरे, शाळेत मुलांना बोलायचे त्याच आवाजात. आळीतल्या दोन बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“राग कसला, बाय?” ते म्हणाले. “माना कोनी आवतानच दिला न्हाय.”

आवतान म्हणजे आमंत्रण, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, अहो, तिने फोन केला होता ना?

“फोनवर आवतान देतान का? पुन्याला पुस्तकाचा कार्यक्रम झाला तवा पन फोन. बाबा, गारी पाठवते, बसून या. आवतानाबिगर गारीन कसा बसू? सगला गाव इचारते, पोरीचा पुस्तक झाला, तू पुन्याला जेलास का न्हाय? काय सांगू मी?”

एकाच घरातली दोन माणसं, एकाच रीतीवर अडून बसलेली. लेकीला वाटत होतं बापाने दारात येऊन बोलावलं नाही म्हणजे आपण नकोसे. बापालाही नेमकं तेच वाटत होतं. त्याने दारात येऊन बोलवावं म्हणून ती वाट बघत होती, आणि त्याला बोलवायचं ते मात्र तिने फोनवर उरकलं. घरच्या माणसाला कसलं रीतसर आमंत्रण, असं तिला शहरात राहून वाटायला लागलं असेल. स्वतःच्या बाबतीत मात्र तसं वाटलं नव्हतं. मला हसूही येत होतं आणि वाईटही वाटत होतं. पण भांडायच्या आवेशात आलेली बाई एकदम मऊ होत नाही. मी त्याच आवाजात म्हटलं की कार्यक्रम वाचनालयाचा आहे, वाचनालयातर्फे मी आलेय, रविवारी संध्याकाळी तुम्ही यायचं म्हणजे यायचं.

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, मग आत सुनेला पाणी आणायला सांगितलं.

“तू दारान आयलीस,” ते म्हणाले. “तुज्या तोंडानी सांगतलास. झाला आवतान.”

मी भांडायला गेले होते, ते आमंत्रण ठरलं. मला वाटलं, काम झालं. पाणी पिऊन निघाले, तर ते म्हणाले, मला एकट्यालाच आवतान कसं? आळीतली बाकीची घरं काय नाहीत? एकट्याने गेलो तर उद्या लोक म्हणतील, भावकीला टाकून हा जेवायला गेला. तिथे जेवण नाही, नुसता चहा आहे, असं मी स्पष्ट केलं. त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

सून हुशार होती. तिने वाटीभर तांदूळ घेतले, हळदकुंकू लावलं, वाटी माझ्या हातात दिली आणि माझ्या पुढे चालू लागली. माझं माहेर हरिहरेश्वराकडचं, नारळी-पोफळीच्या वाडीतलं. आमच्याकडेही लग्नात अक्षत देतात, पण साहित्याच्या कार्यक्रमाची अक्षत वाटायला निघालेली मी बहुधा पहिलीच. प्रत्येक दारात उभं राहायचं, तळहातावर चार दाणे ठेवायचे, आणि आळीतल्या पोरीचं पुस्तक वाचनालयात वाचणार आहेत, घरचं कार्य समजून या, असं तोंडाने सांगायचं. सुरुवातीला जीभ अडखळली. नंतर मला त्याची गोडी लागली. एका घरी खरवस मिळाला, एका घरी मी शिकवलेला विद्यार्थी निघाला, आता ट्रेलर चालवणारा, त्याने वाकून नमस्कार केला. इतके महिने मी फळ्यावर ‘सर्वांना’ लिहीत होते. ‘सर्वांना’ म्हणजे आपल्याला नव्हे, असं प्रत्येक घर समजत होतं, एवढाच काय तो आवडीचा प्रश्न होता.

लेखिकेला मी एवढंच कळवलं की कार्यक्रम होणार आहे आणि तुम्ही यायचं आहे. बाबा येतील असं कबूल करायचं धाडस मला झालं नाही. म्हाताऱ्या माणसाचं मन, रविवारपर्यंत बदललं तर?

रविवारी कार्यक्रमाच्या बऱ्याच आधी टेम्पो येऊन थांबला. लग्नाला नेसतात तशी लुगडी आणि साड्या नेसून बायका उतरल्या, मागून पुरुष, मुलं. खुर्च्या संपल्या, सतरंज्या अंथरल्या, त्याही पुरेनात. अध्यक्ष प्रत्येकाला ‘या, या’ म्हणत दारात घामाघूम झाले होते. लेखिका आली, तिने आत पाऊल टाकलं आणि उंबऱ्यातच थबकली. पहिल्या रांगेत पांढरी टोपी घालून बाबा बसले होते. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनीही दुसरीकडे बघितलं. मी तिला दंडाला धरून व्यासपीठावर नेलं.

तिने मिठागराचं प्रकरण वाचलं. सुरुवातीला आवाज बसलेला होता, पण तिची बोली सुरू झाली आणि सभागृहातून ‘व्हय, व्हय’ उमटायला लागलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. घरच्या कार्यात कोण टाळ्या वाजवतं? मधे ट्रेलर गेला, तावदानं थरथरली, ती थांबली, अख्खं सभागृह सवयीने थांबलं आणि तिने पुढचं वाक्य उचललं. शाळेतून काढल्याचा भाग आला तेव्हा मी बाबांकडे बघितलं. ते छताच्या पंख्याकडे टक लावून होते. मला धाकधूक वाटत होती. इतक्या लोकांत स्वतःबद्दल हे ऐकणं सोपं नव्हतं, आणि ते उठून गेले असते तर मी त्यांना दोष दिला नसता. ते बसून राहिले.

वाचन संपलं. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, आता कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा. पसरायची ती शांतता पसरली. माझा ठरलेला प्रश्न विचारायला मी घसा खाकरते आहे, तोच पहिल्या रांगेत बाबा खुर्चीला धरून उभे राहिले.

“माना इचारायचा हाय.”

अध्यक्षांनी माईक पुढे केला. त्यांनी तो हातानेच बाजूला सारला.

“तू कंच्या माल्यावर रातेस?”

मागे एक-दोन मुलं हसली. अध्यक्ष उठून, प्रश्न पुस्तकाविषयी असावेत, असं काहीतरी बोलायला लागले. मी त्यांना बाहीला धरून खाली बसवलं. मला प्रश्न कळला होता. आळीतल्या बायकांनाही कळला होता.

लेखिकेच्या हातात पुस्तक होतं, ते तिने छातीशी धरलं.

“सातव्या, बाबा.”

“लिफ्ट हाय?”

“हाय.”

“मंग जत्रेच्या आगोदर येन मी. आवतान द्याला. घरी रव.”

तिने डोळे पुसले नाहीत, लपवलेही नाहीत. व्यासपीठावरून, सगळ्यांच्या देखत, तिच्या बोलीत ती म्हणाली, “रजा टाकून घरान बसतंय, बाबा.”

ते खाली बसले. सून पदराने डोळे टिपत होती आणि आमचे अध्यक्ष चष्मा. आभार मी मानायचे होते, त्यासाठी चार वाक्यं पाठ करून आले होते. त्यातलं एकही आठवेना. चहा घेतल्याशिवाय कोणी जाऊ नका, एवढंच मी कसंबसं म्हणाले.