सोस

लसणाचा उग्र वास आला की प्रेमनगरच्या स्वयंपाकघरातली ती दुपार आठवते. माझी आई आणि माझी मुलगी छातीच्या कॅन्सरने गेल्या, मधली मी धडधाकट राहिले, आणि तपासणीत तो आजार आणणारा, रक्तातून उतरलेला दोष नातीत निघाला. मी लसूण सोलत होते. ती म्हणाली, "आजी, डॉक्टर कहते हैं दोन्ही काढून टाका, बुआ कहती है पहले शादी. मी काय करू?" मला काय कळणार? आमच्यात बायकांना सांगतात तेच मी सांगितलं, "सोस." हिंदीत वाढलेल्या पोरीने 'सोच' ऐकलं. माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "सोचने को बस तुमने कहा, आजी." तिची चूक न सुधारता मी पुढची पाकळी सोलायला घेतली. तिला मिळालेला आधार माझा नव्हता; मला आजही दुसरा शब्द सुचत नाही.