काच न फोडता वाजलेली घंटा

आमच्या शेळगावच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. ते सांगताना मला कधी संकोच वाटला नाही. इंजिनियर झालो म्हटल्यावर गावाला वाटलं, हा आता धरणं बांधणार. मला नोकरी लागली ती आगीच्या घंटा बसवायची.

पन्नास सालानंतरचे ते दिवस. बारामती आणि इंदापूरच्या मधे शेतकऱ्यांनी भाग घेऊन नवा साखर कारखाना उभारला होता. तिथं मी पाच ठिकाणी भिंतीवर लाल पेट्या बसवल्या. पेटीच्या तोंडाला काच, आणि ती काच आतलं बटण दाबून धरायची. आग दिसली की हातोडीनं काच फोडायची. बटण सुटायचं आणि घंटा वाजायची. विम्याच्या इन्स्पेक्टरांनी पास केल्याशिवाय गाळप सुरू होणार नव्हतं, आणि उसाच्या गाड्या तर फाटकाशी येऊन उभ्या. त्यातली एक आमच्या वडिलांची. त्यांना आम्ही तात्या म्हणायचो.

इन्स्पेक्टर मला म्हणाले, "तुम्ही हात लावायचा नाही. इथल्या माणसानं वाजवली पाहिजे. मिनिटाच्या आत वाजली तर सही, नाहीतर पुढच्या आठवड्यात बघू."

उसाच्या चिपाडाच्या ढिगापाशी पहाऱ्याला निमगाव केतकीचे एक आबा होते. मी म्हणालो, "आबा, ढिगाला आग लागली असं समजा. फोडा काच."

इन्स्पेक्टरांनी घड्याळ हातात घेतलं. आबांनी हातोडी उचलली, काचेकडं बघितलं आणि हातोडी खाली ठेवली.

"नवी हाय की सायेब."

"फोडायलाच बसवलीय, आबा."

"फोडायला कोन काच बसवतं?"

गाडीवाले हसायला लागले. तात्या जुवाशी उभे होते, तिथनंच म्हणाले, "कालेजात ह्येच शिकवलं व्हय रं?"

आठवडाभर ऊस गाड्यांतच वाळणार, आणि त्याचं खापर माझ्या शिक्षणावर फुटणार. तेवढ्यात आबांनी कमरेची चंची सोडली. आता हे पान जमवतात की काय, असं मला वाटलं. त्यांनी चंचीतनं चाकू काढला, काचेवरच्या पितळी पट्टीखाली टोक घातलं, पट्टी उचकटली आणि काच दोन बोटांत धरून अलगद वर ओढली.

घंटा अशी कडाडली की फाटकावरचे बैल बुजले. आबा दचकून दोन पावलं मागं सरले, पण काच त्यांनी छातीशी धरली होती. तिचा टवकाही उडाला नव्हता.

"पंचावन्न सेकंद," इन्स्पेक्टर म्हणाले. "पण आबा, फोडली का नाही?"

"आज फोडली, तर उंद्या खरी आग लागल्यावर काय फोडू?"

माझ्या पेटाऱ्यात दोन डझन जादा काचा होत्या. मी पायानं त्याचं झाकण लावून टाकलं. इन्स्पेक्टरांना हसू इतकं आवरेना की सहीची शेपटी कागदाबाहेर गेली.

फाटक उघडलं. तात्यांनी बैलांच्या पाठीवर हात ठेवला, माझ्याकडं न बघता त्यांनाच म्हणाले, "चला रं. आपल्या पोराची घंटा झाली पास."