बंद इंजिनातला ठोका

नवऱ्याचं नाव घ्यायला लाजायचं माझं वय गेलं. दत्ताराम. पण बोलताना तोंडात 'हे'च येतं, त्याला इलाज नाही. तर आमच्या ह्यांना एका जागी बूड टेकवून बसणं म्हणजे काय, ते माहीतच नाही. चहासुद्धा गॅरेजच्या शेडमध्ये फेऱ्या मारत प्यायचा. गाडी चांगली चाललेली दिसली की ह्यांचे हात शिवशिवायला लागलेच. गिऱ्हाईक म्हणायचं, "दत्तारामभाऊ, झालं की, द्या आता." हे म्हणायचे, "पाच मिनिटं." ह्यांच्या पाच मिनिटांत माझा भात होऊन गार व्हायचा!

वीस वर्षं मिलच्या साचेखात्यात माग दुरुस्त करण्यात काढली. तिथे एकावेळी दोनशे माग धडधडायचे, बाजूच्याशी बोलायचं तर हातांच्या खुणा करायच्या. ब्याऐंशीला संप झाला, हे घरी बसले, आणि आठ दिवसांत माझ्या लक्षात आलं की ह्या माणसाला मी पाठीमागून हाक मारली तर ऐकूच येत नाही. समोरून ओरडले तर अर्धं कळतं, बाकीचं ओठांवरून ओळखतात. मी रडले. हे मात्र दुसऱ्या दिवशी उठून भांडुपच्या टेकडीखाली एक पत्र्याची शेड बघून आले. म्हणे गाड्या दुरुस्त करणार.

"अहो, बहिऱ्याकडे कोण गाडी देणार?" मी म्हटलं.

"सांगतला कोण त्येंका?" हे म्हणाले.

ह्यांच्याकडे लाकडी मुठीचा एक लांब पेचकस होता, मिलमधला. त्याचं टोक इंजिनाला लावायचं आणि मूठ दातांत घट्ट धरायची. मागाचं बेअरिंग हे असंच तपासायचे. "दातांतून थेट डोक्यात येता गो, कानापेक्षा साफ," म्हणायचे. आणि खरंच, कुठला टॅपेट सैल, कुठल्या प्लगला ठिणगी नाही, सगळं दात सांगायचे. गिऱ्हाइकांना वाटायचं, एकेकाची सवय असते. मी स्टुलावर बसायची आणि कुणी पाठीमागून काही बोललं की मिलच्या खुणांनी ह्यांना सांगायची. तीन वर्षं कुणाला पत्ता लागला नाही.

पंच्याऐंशीच्या डिसेंबरात मुलुंडचा विद्याधर आला. बँकेत नोकरी, चष्मा, बोलणं मऊ. त्याच्या भाऊरावकाकांनी एका वकिलातीच्या लिलावात जपानी गाडी घेतली होती. दोन सीटची, लाल, उघड्या टपाची डॅटसन. काका गेले, इंजिनाला तडा गेलेला, आणि गाडी नऊ वर्षं ताडपत्रीखाली. विद्याधरला ती जुहूच्या धावपट्टीवर शर्यतीत पळवायची होती. नाव देऊन मोकळा झाला होता! जानेवारीतल्या रविवारी शर्यत.

हे वेडेच झाले. कुर्ल्याच्या भंगारातून एका जपानी पिकअपचं इंजिन शोधून आणलं. ते ह्या गाडीच्या पोटात बसेना, तर लोखंडी चॅनल कापून इंजिन टेकवायला नवं माउंटिंग बनवलं, शाफ्ट आखूड करून आणला. पिकअपचा एकुलता कार्ब्युरेटर काढून टाकला आणि गाडीचे जुने दोन साफ करून त्या जागी बसवले. दोघांनी सारखीच हवा ओढायला हवी, एकाने जास्त घेतली की इंजिन थडथडतं. तासन्‌तास हे वाकून दातांत पेचकस धरून उभे असायचे. एक केसभर स्क्रू इकडे, एक केसभर तिकडे.

आणि त्याच महिन्यात दात दुखायला लागले. आधी लवंगेचं तेल, मग तंबाखूची मिशेरी. मग गाल सुजला. अंगात ताप. मी भांडून, अक्षरशः हाताला धरून ह्यांना मुलुंडच्या दाताच्या डॉक्टरकडे नेलं, शर्यतीच्या आधीच्या मंगळवारी. मृणालिनी नावाची तरुण पोरगी. तिने तोंडात बत्ती मारली आणि तिचा चेहराच बदलला. हिरड्यांत पू झालेला, बहुतेक दात मुळापासून हललेले. सगळे काढावे लागतील, म्हणाली, पू गळ्यात उतरला तर जिवावर बेतेल. आजच सुरुवात करू.

हे तिच्या ओठांकडे बघत होते. म्हणाले, "कवळीन ऐकाक येयत?"

ती हसली. "आजोबा, ऐकायला कान असतात ना!"

मला हसू आलं नाही. त्या पोरीला काय ठाऊक, ती ह्यांचे कान उपटायला निघाली होती ते.

हे खुर्चीतून उठले. सोमवारी येतो, म्हणाले. तिने गोळ्या दिल्या, मला बाजूला घेऊन दम भरला. रस्त्यात मी काय काय नाही बोलले! गाडी गेली खड्ड्यात, शर्यत गेली खड्ड्यात, तुम्ही मेलात तर मी काय त्या लाल डब्यात बसून गावाला जाऊ? हे माझ्याकडे न बघता चालत होते. न बघता म्हणजे न ऐकता. त्यांना भांडण संपवायची फार सोपी युक्ती सापडली होती.

घरी पेचकसाची मूठ कानामागच्या हाडाला लावून बघितली, कपाळाला लावून बघितली. काहीतरी गुरगुरतं, म्हणाले, पण बारीक काही येत नाही.

बुधवारी ह्यांना ठोका ऐकू आला.

"इंजिनात काय तरी ठोकता," म्हणाले. मी कान देऊन ऐकलं. काही नाही. इंजिन शिवणयंत्रासारखं चाललेलं. संध्याकाळी विद्याधर आला, एक चक्कर मारून आला, म्हणाला, "झकास आहे हो! द्या मला." हे म्हणाले, "पाच मिनिटं."

गुरुवारी माउंटिंग खोललं, पुन्हा बसवलं. ठोका आहेच. टॅपेट तपासले, कार्ब्युरेटर उतरवून परत चढवले. आहेच. आणि गंमत बघा, इंजिनाचा वेग वाढवला तरी ठोका वाढायचा नाही. आपला ठक, ठक, ठक, त्याच चालीने. ह्यांचं डोकंच फिरलं. असा ठोका वीस वर्षांत बघितला नव्हता. शुक्रवारी सूज गळ्यापर्यंत आलेली, डोळे लाल, आणि हे गाडीखाली. कापडाने तोंड पुसत होते, कापडाला रक्त. मला शेडमध्ये बसवेना आणि घरी जाववेना.

शनिवारी दुपारी माझा पारा चढला.

"आणा तो पेचकस," मी खूण केली.

"तुका काय कळतला?"

"आणा म्हणते ना!"

मी पदर खोचला, टोक दोन कार्ब्युरेटरच्या मधे टेकवलं आणि मूठ दातांत धरली. अगं बाई! सगळं इंजिन माझ्या कवटीत शिरलं. दोन कार्ब्युरेटरांचे दोन श्वास, वेगळे वेगळे, आणि अगदी एका मापाचे. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा माणूस इतकी वर्षं कुठे राहत होता. पण ठोका? कुठेच नाही.

मी मान हलवली. ह्यांनी पेचकस हिसकावून घेतला, दातांत धरला, डोळे मिटले आणि डाव्या हाताचं बोट बॉनेटवर आपटून मला दाखवायला लागले. ठक, ठक, ठक.

मी गाडीत हात घालून चावी फिरवली. इंजिन बंद.

ह्यांनी डोळे उघडले. बोट मात्र चालूच होतं. ठक, ठक, ठक. बंद गाडीवर. मग ते बोट हळूहळू थांबलं, आणि हात गालाकडे गेला.

"इंजिन नाय गो ता," हे म्हणाले. "माझो दात."

तीन दिवस हा माणूस स्वतःच्या सडक्या दाताचा ठणका जपानी इंजिनात शोधत होता! मी हसले, इतकी हसले की स्टुलावर बसावं लागलं. हेसुद्धा हसायला लागले आणि हसता हसता गाल धरून कळवळले. मग मला एकदम रडू फुटलं, ते थांबेचना.

रविवारी सकाळी विद्याधर गाडी घेऊन गेला. हे शेडच्या दारात उभे राहून वळणापर्यंत बघत होते. शर्यतीत तिचं काय झालं, ते संध्याकाळी कळायचं होतं, पण ह्यांनी त्याचा विषयही काढला नाही. रिकाम्या शेडमध्ये फेऱ्या मारत राहिले. हत्यारं पुसली, लावली, परत काढली. सोमवार उद्यावर आला होता.

दुपारची जेवणं झाली तशी पेचकस घेऊन माझ्यासमोर आले. टोकाला स्वच्छ फडकं गुंडाळलेलं. ते त्यांनी माझ्या गळ्याखालच्या हाडावर टेकवलं.

"हे काय नवीन?" मी म्हटलं.

त्यांनी मूठ दातांत धरली, डोळे मिटले आणि हाताने खूण केली. मिलची खूण. बोल.

चार वर्षं तरी मी ह्यांच्याशी ओरडूनच बोलत होते, त्याच्या आधीचं बोलणं कसं होतं, ते मलाच आठवेना. मी हळूच म्हटलं, "उद्या नऊला निघायचंय. डॉक्टरीण वाट बघणार नाही."

ह्यांनी मूठ तोंडातून काढली. "आवाज बदललो गो तुझो."

"ओरडून ओरडून बदलला," मी म्हटलं.

त्यांनी मूठ परत दातांत धरली. पुन्हा तीच खूण.

मग मी बोलत राहिले. घासलेट संपत आलंय. विद्याधर ताडपत्री इथेच विसरून गेलाय. गावाहून धाकूभावोजींचं पत्र आलंय, आंब्याला मोहर बरा आहे म्हणतात. काय वाटेल ते, हळू आवाजात. ह्यांच्या हनुवटीवरून रक्ताची बारीक धार आली, ती मी पदराने पुसली आणि म्हटलं, पुरे आता. पण त्यांनी पेचकस सोडला नाही. पहिल्यांदाच हा माणूस एका जागी बसून होता.