बरणीतली एकटी

दुपारी कामावरून आली की जसीरा आधी बूट उलटे करून आपटायची आणि मग खुर्चीत बसायची. पेद्रा रोशा गावात सगळेच बूट आपटतात म्हणा, पण जसीराची एकोणीस वर्षं नगरपालिकेसाठी विंचू धरण्यात गेली होती. लांब चिमटा, जाड हातमोजे, झाकणाचा डबा. लोकांच्या मोऱ्या, विटांचे ढीग, दफनभूमीच्या भिंतीतल्या भेगा हेच तिचं ऑफिस. गुडघे पार कामातून गेले होते.

दोन वर्षांपूर्वी आरोग्य खात्यावर एव्हराल्दो नावाचे नवे साहेब आले. ते आधी रस्ते खात्यात होते. त्यांनी दफनभूमीमागच्या गल्लीचा कागद समोर धरला.

"जसीराबाई, महिनाभरात या गल्लीत फक्त एक विंचू?"

"एकच, साहेब. गल्लीतल्या ओतीलियाआजीच्या मोरीत."

"मग झालं! आता ही फेरी बंद. उरलासुरला एखादा असला तर लग्न कुणाशी करणार तो?"

"तो नाही साहेब, ती. या पिवळ्या जातीत सगळ्या बायकाच. नराची गरज पडत नाही त्यांना. एक उरली की पुरते."

ऑफिसभर हशा पिकला. "आमच्या बायकोला सांगू नका हं हे," साहेब म्हणाले आणि कागदावर सही करून मोकळे झाले.

ओतीलियाच्या मोरीतली ती मादी जसीराकडे बरणीत होती. पुढच्याच महिन्यात ती व्याली. पाठीवर पांढुरकी पिल्लं घेऊन बसलेली ती मादी जसीराने साहेबांना नेऊन दाखवली. साहेब म्हणाले, "धरलीत तेव्हाच पोटुशी असेल." पिल्लं पाठीवरून उतरल्यावर जसीराने त्यातलं एक दुसऱ्या बरणीत ठेवलं, एकटं. बाकीची नियमाप्रमाणे अल्कोहोलात गेली. बरणी तिने घरी फडताळात ठेवली. आठवड्याला एक झुरळ आणि पाण्याने भिजवलेला कापूस, एवढाच तिचा खर्च.

फेऱ्या बंद होऊन सात महिने झाले आणि एका सकाळी ओतीलियाची नात मायारा सँडल घालायला गेली आणि आतला विंचू डसून किंचाळली. पोर चार वर्षांची. विषावरचं इंजेक्शन होतं चाळीस किलोमीटरवरच्या मोठ्या गावात. गाडीत उलट्या करकरून ती निपचित पडली होती. तीन दिवसांनी वाचली.

जसीरा भेटायला गेली तेव्हा ओतीलियाने तिला दारातच धरलं.

"आता आलीस? सात महिने कुठे मेली होतीस गं पोरी? माझ्या हातचं खाल्लंयस तू!"

वरून हुकूम होता, हे जसीराच्या ओठांवर आलं होतं. पण ते या बाईला सांगून काय उपयोग? त्यानंतर दर शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, स्वतःचा चिमटा घेऊन ती त्या गल्लीत जायला लागली. बहीण चिडायची, "तुला वेड लागलंय. रविवारी उठवत नाही तुझ्याच्याने." ते खरंच होतं.

बरणीतलीने पाच वेळा कात टाकली. दीड वर्षाने, एका फेब्रुवारीत, जसीरा झुरळ टाकायला गेली तर तिच्या पाठीवर पिल्लांची दाटी. मोजली तर अठरा.

ती बरणी तिने साहेबांच्या टेबलावर ठेवली. "जन्मापासून एकटी आहे, साहेब. झाकण माझ्याखेरीज कुणी उघडलेलं नाही."

या खेपेला कुणी हसलं नाही. साहेब बराच वेळ वाकून बघत राहिले.

"औषध फवारलं तर?"

"भेगांतून बाहेर पळतात आणि शेजारच्या घरात शिरतात."

"मग हे संपणार कधी?"

"संपत नाही, साहेब. कमी करत राहायचं."

त्यांनी फेऱ्या सुरू करण्याचा कागद काढला. चुकलं वगैरे काही म्हणाले नाहीत. जसीरालाही ते ऐकायची हौस उरली नव्हती. नियमाप्रमाणे तिने बरणीत अल्कोहोल ओतलं. दीड वर्ष जिला खाऊ घातलं, तिचे पाय हलायचे थांबेपर्यंत मात्र जसीराला तिथून हलवेना.

सोमवारी ती गल्लीची फेरी संपवून ओतीलियाच्या पायरीवर टेकली. ओतीलिया अजून पुरती निवळली नव्हती, पण कॉफी आणि चीजचे गरम पाव घेऊन बाहेर आली.

"किती सापडले?"

"अकरा."

"म्हणजे कमी झाले?"

"मागच्या शनिवारी नऊ होते," जसीरा म्हणाली आणि गुडघा चोळत राहिली.

"खा," ओतीलिया म्हणाली. "गार होतील."