डॉक्टरकाकांची पलटण

जिवंत पाहुण्याला चहा विचारायला विसरेल, पण मेलेल्याच्या सरबराईत कसूर करणार नाही, असा माणूस अमेरिकेतल्या आमच्या साऱ्या बॉथेल गावात एकच: आमच्या शेजारचे डॉक्टरकाका. जन्मभर भूल देण्याचं काम केलं. "लोकांना झोपवून झालं, आता उठवतोय," असं म्हणत रिटायर झाल्यावर त्यांनी महायुद्धात पडलेल्या शिपायांची जुनी लष्करी पिस्तुलं जमवायला घेतली. घरात गोळी एक नाही. नवंकोरं पिस्तूल फुकट दिलं तरी नको, मूठ झिजलेलीच हवी. "इथे अंगठा ठेव," म्हणायचे. कुणा परक्याच्या अंगठ्याने पडलेल्या त्या खळग्यात माझा अंगठा नेमका बसायचा, आणि बाहेर थंडगार पाऊस असला तरी लाकूड कोमट लागायचं. मी दचकून हात काढला की काका खूश.

"लोकांकडे मांजर असतं, आमच्याकडे पलटण आहे," असं काकू म्हणायच्या. तरी खंडेनवमीला पिस्तुलांपुढे झेंडू आणि शिऱ्याच्या वाट्या त्याच मांडायच्या. एका वर्षी एका वाटीतल्या शिऱ्यावर बोट उमटलेलं निघालं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मी काकांकडे, आणि काकांनी भिंतीकडे. त्या वर्षी प्रसाद कोणी मागितला नाही.

पिस्तुलांच्या खोलीतून निघताना "येतो" म्हणायचं, "जातो" नाही, हा काकांचा कडक नियम. "ही पोरं घरून येतो सांगून निघाली आणि परतली नाहीत. आपण तरी शब्द पाळू."

"अहो काका, जर्मन शिपायाला मराठी कसं कळणार?"

"इतकी वर्षं ऐकतोय, कळतं त्याला."

गेल्या हिवाळ्यात हॉस्पिटलला निघताना काकू दारात चुकून "जाते हं" म्हणाल्या. "येते म्हण!" काका ओरडले. काकू नुसत्या हसल्या. त्या परत आल्या नाहीत.

जवळच्या बेलव्ह्यू शहरात राहणारी त्यांची मुलगी मागे लागली. "बाबा, आमच्याकडे मूव्ह व्हा ना. फक्त गन्स नकोत, किड्स आहेत, ओके?" काका महिनोन्‌महिने हलेनात. पिस्तुलांपायी अडलेत, असं मला वाटायचं. एकदा हळूच म्हणाले, "पिस्तुलं जातील रे म्युझियमला. पण ही आली तर? तिने बेलव्ह्यूचं नवं घर पाहिलेलंच नाही."

शेवटी पिस्तुलं गेली आणि काकाही निघाले. त्यांना सोडायला मीच जाणार होतो. रिकाम्या खोलीच्या दारात उभे राहून ते रागाने म्हणाले, "जातो."

"अहो, येतो म्हणावं," आतून काकूंचा आवाज आला. मीही ऐकला.

"येतो," काका मुकाट्याने म्हणाले. बाहेरच्या दाराला कुलूप मात्र त्यांनी मला लावू दिलं नाही.